चाळीस रोल, घडी न घालता

गुरुवारी सकाळी सूचनाफलकावर कागद लागला आणि नकाशेवाल्यांचा अपमान झाला. त्यांना तो कळला संध्याकाळी साडेसहाला, कारण मधले नऊ तास ते कचेरीत होते. म्हणजे दिवसभर ते अपमानित अवस्थेत हिंडत होते, डबा खात होते, साहेबांशी हसून बोलत होते, आणि त्यांना पत्ताच नव्हता. अपमानापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं.

कागद असा होता:

*वार्षिक सहभोजन. रविवार, दुपारी साडेबारा, गच्चीवर.*
*तळमजला, टेलरमास्तर: भाजलेले बटाटे.*
*पहिला मजला, नर्सबाई: टोमॅटोचं सूप.*
*दुसरा मजला, सेक्रेटरी: देखरेख.*
*तिसरा मजला, नकाशेवाले: कागदी ताटल्या व चमचे.\**
*\* वहिनींचा हात प्लास्टरमध्ये असल्याकारणाने. समितीला सहानुभूती आहे.*

खाली बाकीचे मजले आणि बाकीचे पदार्थ होते, पण तिथवर नकाशेवाल्यांची नजर पोहोचलीच नाही. ती ताटल्यांवर अडकली, तिथून चमच्यांवर गेली आणि शेवटी सहानुभूतीवर येऊन बसली.

कागदी ताटल्या म्हणजे काय, हे त्या इमारतीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आजवर ते काम सर्वांत वरच्या खोलीत एकटे राहणाऱ्या एका गृहस्थांकडे होतं. त्यांना पहिल्या वर्षी समितीने 'कोणताही सोपा पदार्थ' आणायला सांगितलं होतं, आणि त्यांनी वेष्टनासकट एक पाव आणून टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या वर्षापासून ताटल्या. ते गृहस्थ गावाला गेले म्हणून यंदा ती जागा रिकामी झाली होती, आणि तिथे आता नकाशेवाल्यांची नेमणूक झाली होती.

याउलट त्यांच्या घरचे कोबीचे रोल! अकरा वर्षं. दर वर्षी चाळीस. कोबीच्या पानात भात, कांदा, गाजर, बटाटा भरून, टोमॅटोच्या रसात शिजवलेले. ते त्यांची बायको करायची हे खरं, पण गच्चीपर्यंत नकाशेवाले न्यायचे, आणि झाकण तेच काढायचे. झाकण काढल्यावर जो 'अहाहा' व्हायचा तो त्यांच्या तोंडासमोर व्हायचा. अकरा वर्षांत माणसाला त्याची सवय लागते.

पंधरा दिवसांपूर्वी पडदे काढताना बायको स्टुलावरून घसरली. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर.

"तू फलक पाहिलास?" घरात शिरता शिरता नकाशेवाल्यांनी विचारलं.

"पाहिला की."

"मग? तुला काहीच वाटलं नाही?"

"काय वाटायचंय? ताटल्या आणा. चमचे आणायला विसरू नका."

ती दुःख गिळते आहे, हे नकाशेवाल्यांनी तत्काळ ओळखलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या मनातलं ओळखायला ते शिकले होते. पायातले बूटही न काढता ते तसेच खाली दुसऱ्या मजल्यावर गेले.

सेक्रेटरी वही उघडूनच दार उघडायचे.

"यादीत बदल हवाय," नकाशेवाले म्हणाले.

"लेखी अर्ज लागेल."

"मी समोर उभा आहे ना!"

"उभे आहात ते दिसतंय. पण तुम्हाला फाइलला कसं लावू?"

अर्ज तिथेच, उंबऱ्यावर, मांडीवर वही ठेवून लिहिला गेला. ताटल्या रद्द, रोल कायम.

"रोल करणार कोण? वहिनींचा तर हात..."

"मी."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि समोर मघाचाच माणूस आहे याची खात्री करून घेतली. "बघा हं. यादीत रोल म्हटलं की रोल. संख्या चाळीस. नाही आले, तर पुढल्या वर्षापासून तुमच्या घराला कायमच्या ताटल्या. तसा नियम आहे."

"कुठे आहे?"

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी तो लिहिला.

---

आता थोडं नकाशेवाल्यांच्या हाताबद्दल, कारण पुढे जे काही झालं ते या हातानेच केलं.

भूमापन कचेरीच्या नकाशा विभागात ते एकतीस वर्षं होते. काम म्हणजे नकाशे देणं, परत घेणं आणि गुंडाळून ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. सोपं वाटतं म्हणूनच नवीन आलेले लोक नकाशा चटईसारखा गुंडाळतात आणि नकाशेवाल्यांना तो पुन्हा उलगडावा लागतो. त्यांची शिस्त ठरलेली होती. नळी दोन्ही तोंडांनी मोकळी हवी, आत हवा खेळली पाहिजे. कडा टेबलावर ठोकून सारख्या. फीत बरोबर मध्यावर, गाठ एका ओढीत सुटणारी. नकाशा घडवंचीत उभा. आणि घडी? घडी कधीही नाही. घडी पडली की तिथे नदी तुटते. एका शिकाऊ इंजिनियराने एकदा एका मौल्यवान नकाशाची चौघडी घालून तो खिशात ठेवला होता. नकाशेवाल्यांनी त्यावर तीन पानी अहवाल दिला. इंजिनियराची पाणीपुरवठ्यात बदली झाली, आणि तिथे तो म्हणे सुखात आहे.

तेव्हा चाळीस गुंडाळ्या म्हणजे नकाशेवाल्यांच्या लेखी जेवणाच्या सुट्टीआधीचं काम होतं.

"आणि एक सांगून ठेवतो," शनिवारी सकाळी ते बायकोला म्हणाले, "तू एक शब्दही बोलायचा नाहीस. तू सांगितलंस आणि मी केलं, तर ते तुझंच झालं."

"एकही?"

"एकही."

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली. रविवार सकाळपर्यंत तिच्या तोंडून आलेला तो शेवटचा शब्द.

मात्र तिला खोकला झाला.

*खोकल्यांची सूची*
*एक बारीक: तो नव्हे, शेजारचा डबा.*
*दोन लागोपाठ: गॅस.*
*नुसतं खाकरणं: एकदा विचार करा.*
*लांब, छातीतून: आता काही उपयोग नाही.*

ही सूची नकाशेवाल्यांनी त्या वेळी वाचलेली नव्हती. त्यांनी शनिवारभर तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

---

कोबी शुक्रवारीच आणला होता.

"कशाला हवाय?" भाजीवालीने विचारलं होतं. "रोलला? मग हा सैल घ्या. पानं सुटतात."

नकाशेवाल्यांनी त्या सैल कोबीकडे पाहिलं. पानं विस्कटलेली, आत पोकळ, एकूण कारभार ढिला. त्यांना त्यांच्या विभागातले काही लोक आठवले. "तो नको. तो द्या," म्हणत त्यांनी ढिगातले तीन सर्वांत घट्ट, सर्वांत जड, दगडासारखे कोबी निवडले. भाजीवालीने ते पिशवीत घातले आणि शेजारच्या कांदेवाल्याकडे बघून भुवया उडवल्या. नकाशेवाल्यांनी ते दिसूनही पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी कळलं की त्यातला एकही कोबी घरातल्या कुठल्याच पातेल्यात मावत नाही. समितीचं मोठं पातेलं मीटरच्या खोलीत कुलपात असे. पुन्हा दुसरा मजला.

*अर्ज नमुना तीन (भांडी)*
*वापराचा उद्देश: कोबी.*
*कोबीचं नक्की काय करणार: उकडणार.*
*पातेल्याला संभवणारा धोका (रिकामं सोडल्यास अर्ज बाद): वास.*
*पदार्थाला संभवणारा धोका: लागू नाही.*
*जामीन: टेलरमास्तर, तळमजला.*

चौथा रकाना चुकीचा भरला गेला होता, हे दुपारपर्यंत इमारतीतल्या सर्वांना समजलं.

जामीन राहिल्यामुळे टेलरमास्तरांना पातेल्यासोबत वर येणं आवश्यक वाटलं, आणि मास्तर वर चाललेले दिसल्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. नर्सबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या, पण अजून कुणी जिन्यात शिंकलं तरी दार उघडून नाव विचारायच्या.

"किती वेळ उकळायचा?" नकाशेवाल्यांनी विचारलं. बायकोला नाही, हवेला.

"शुद्ध हरपेपर्यंत," नर्सबाई म्हणाल्या.

कोबी पाण्यावर तरंगत होता. दाबला की बाजूने वर यायचा आणि पाणी ओट्यावर. नर्सबाईंनी बाह्या वर केल्या. "असं नाही. रोग्याला धरतात तसा धरा. डोकं इकडून, मी मानेकडून."

"याला मान कुठाय?"

"देठ म्हणजेच मान. धरा!"

वाफेत दोघांचे चष्मे पांढरे झाले आणि पुढची दहा मिनिटं कोबीचं नेमकं काय चाललंय हे फक्त टेलरमास्तरांना दिसत होतं. ते स्टुलावर बसून सांगत होते: "डावीकडे गेला. आला. पुन्हा गेला."

बायकोने लांब, छातीतून खोकला काढला.

घट्ट कोबीचं असं असतं की बाहेरची पानं शिजून लगदा होतात तरी आतल्यांना उन्हाळा-हिवाळा माहीत नसतो. पानं निघत होती ती फाटक्या रुमालासारखी. तीन कोबी सोलून, जोडाजोड करून, कशीबशी चाळीस पानं ओट्यावर पसरली गेली. मास्तरांनी एक पान हातात धरून उजेडाकडे केलं. "ही मधली जाड शीर तासायला हवी. नाहीतर वळणार नाही. कापडाला जाड शिवण असली की असंच होतं."

"वळेल," नकाशेवाले म्हणाले. "न वळून जातंय कुठे."

आणि मग ते कामाला लागले.

खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात त्यांच्याकडे बघत राहावं असं काहीतरी होतं. भात अर्धाकच्चा ठेवलेला, त्यात कांदा, गाजर, बटाट्याचे बारीक तुकडे. चमचाभर सारण, पान, बोटांची एक लकब, आणि नळी तयार. एक, दोन, तीन... प्रत्येक नळी अगदी सारखी. लांबी जास्त झाली तर कात्रीने कड कापून सारखी. टेलरमास्तरांच्या तोंडून 'वा' निघाला. तो ऐकून नकाशेवाले थोडे ताठ उभे राहिले आणि पुढच्या नळ्या त्यांनी पट्टीने मोजल्या.

दोन्ही तोंडं मोकळी.

बायको खाकरली. मग दोनदा खोकली. मग खाकरत खाकरत खोकली.

"मिठाचं पाणी देऊ का?" नकाशेवाल्यांनी प्रेमाने विचारलं.

नळ्या सुटू नयेत म्हणून बांधायला हव्या होत्या. मास्तर सुई-दोरा आणायला उठले, पण नकाशेवाल्यांनी त्यांना थांबवून कपाटातून एक डबा काढला. त्यात कचेरीतून बाद झालेली, वर्षानुवर्षं जपून ठेवलेली सुती फीत होती. निळी. प्रत्येक नळीला मध्यावर एक वेढा, एका ओढीत सुटणारी गाठ. चाळीस निळ्या गाठी ओळीने. कुठल्याही खात्याच्या संचालकांनी पाहणी करावी अशा.

मग त्यांनी त्या पातेल्यात ठेवल्या. उभ्या. वहीत टिपण केलं: पहिली रांग, एक ते आठ. दुसरी रांग, नऊ ते सोळा. वरून टोमॅटोचा रस ओतला, झाकण ठेवलं, हात धुतले, आणि बैठकीच्या खोलीत जाऊन मास्तरांना नकाशा आणि आराखडा यांतला फरक समजावू लागले.

---

चौदा नंबर सर्वांत आधी सुटला.

टप्, असा आवाज झाला, तो मास्तरांनी ऐकला. मग टप् टप् टप्. नकाशेवाल्यांनी झाकण उचललं तेव्हा अर्धाकच्चा भात फुगून प्रत्येक नळीच्या वरच्या तोंडातून बाहेर आला होता. चाळीस जणांनी एकदम हात वर केलेत आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचंय असं ते दृश्य होतं. खालच्या तोंडातून जे बाहेर आलं होतं ते तळाला लागत होतं. आणि निळी फीत, एकतीस वर्षांत एकदाही पाण्यात न पडलेली ती फीत, मोकळ्या मनाने रंग सोडत होती. टोमॅटोचा रस जांभळा झाला होता. जांभळा म्हणजे शाई सांडल्यावर जाजम होतं तसा.

रस बुडबुडत होता.

"हे कोणी खाल्लं," नर्सबाई म्हणाल्या, "तर मला पुन्हा ड्यूटीवर यावं लागेल."

जिन्यातून सेक्रेटरी जात होते. वास आला म्हणून त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "चाळीस आहेत ना?"

"आता मोजता येत नाहीत," टेलरमास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

सेक्रेटरींनी पातेल्यात पाहिलं. पातेल्याच्या आत चहूबाजूंनी एक निळं वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी खिशातून वही काढली. 'वास' हा शब्द खोडून काय लिहिलं ते दिसलं नाही, पण लिहायला वेळ लागला. मग नकाशेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ताटल्यांचं दुकान उद्या सकाळी नऊला उघडतं. कोपऱ्यावरचं."

हे ते चांगल्या मनाने म्हणाले, आणि म्हणूनच ते सहन करणं कठीण होतं.

संध्याकाळभर नकाशेवाले स्टुलावर बसून पातेलं घासत होते. त्यांना आता झाकण दिसत होतं. पुढल्या वर्षीचं झाकण, त्याच्या पुढच्या वर्षीचं झाकण, ते कोणीतरी दुसरंच उचलतंय, आणि टेबलाच्या टोकाला आपण प्लास्टिकचं वेष्टन फोडून ताटल्या सुट्या करतोय, दोन दोन चिकटलेल्या. 'यांच्या घरी पूर्वी रोल व्हायचे बरं का,' असं कोणीतरी नवीन भाडेकरूला सांगतंय. निळं वर्तुळ काही गेलं नाही.

---

रविवारी सकाळी साडेआठला नकाशेवाल्यांनी चहाचा कप बायकोपुढे ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "अगं, सांग ना."

बायको चहा प्यायली.

"अगं!"

"बोलू नको म्हणालात."

"आता बोल म्हणतोय."

"लेखी देता?"

नकाशेवाल्यांनी कपाळाला हात लावला, तेव्हा तिला दया आली. "सैल कोबी आणा. भाजीवालीला सांगा, तिचंच बरोबर होतं. तेवढं तोंडाने म्हणा, ती चांगलेच देईल."

नकाशेवाले गेले, तोंडाने म्हणाले, आणि चांगले कोबी घेऊन आले. भाजीवालीने वर कोथिंबिरीची जुडी दिली, ती त्यांना जरा झोंबली. या वेळी पानं पाण्यातून अशी अलगद सुटली की नर्सबाईंना करायला काही उरलं नाही आणि त्या थोड्या नाराज झाल्या. शिरा टेलरमास्तरांनी तासल्या, जिभेचं टोक दातात धरून. भात नीट शिजवला. दहा वाजले.

"आता सारण मधे ठेवा," बायको म्हणाली. "अलीकडची कड त्यावर घ्या. हां. आता दोन्ही बाजू आत दुमडा."

नकाशेवाले थांबले. "दुमडा?"

"आत. डावी आणि उजवी. मग गुंडाळा. म्हणजे बाहेर येत नाही."

"म्हणजे घडी."

"घडीच."

नकाशेवाल्यांनी पानाची डावी कड उचलली. ओल्या, हिरव्या पानावर मधली शीर आता बारीक झाली होती, आणि तिच्यातून दोन्ही अंगांना उपशिरा फुटल्या होत्या, त्यांतून आणखी बारीक. नदी आणि तिच्या उपनद्या. पाणलोटाचा इतका स्वच्छ नकाशा त्यांच्या विभागातही नव्हता. त्यांनी कड अर्ध्यात आणली. हात तिथेच राहिला. मग हाताने आपल्या मनाने कड परत खाली ठेवली आणि तळव्याने पान सपाट करून टाकलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

दुसऱ्यांदा घडी पडली. त्यांनी ती पाहिली आणि लगेच उलगडली. तिसऱ्यांदा पान फाटलं.

"अहो, कोबी आहे तो."

"दिसतंय मला."

"मग?"

"हात होत नाही गं." आणि हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला की टेलरमास्तर उगाच खिडकीबाहेर बघू लागले. "एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो. होत नाही."

घड्याळात सव्वादहा. सव्वादोन तासांत गच्ची. मास्तर म्हणाले मी घालतो घड्या. नर्सबाई म्हणाल्या मी घालते, ड्रेसिंगच्या हजारो घातल्यात. पण नकाशेवाल्यांनी मान हलवली. "अर्जात मी लिहिलंय. मी करणार म्हणून."

बायको हसू लागली. आधी खांदे हलले, मग उशीवरचा प्लास्टरचा हात हलला, मग आवाज आला. "बरं, नका घालू घडी. मला एवढं सांगा, तुमच्या कचेरीत ज्या नकाशाची गुंडाळी होऊच शकत नाही, त्याचं काय करता?"

"सपाट ठेवतो. चपट्या खणात. एकावर एक, मधे कागद..."

नकाशेवाल्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि ओट्याकडे पाहिलं.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. नर्सबाई खालून एक भलामोठा चपटा स्टीलचा ट्रे घेऊन आल्या, झाकणासकट.

"हा कुठून आणलात?" मास्तरांनी विचारलं.

"विचारू नका. उकळलाय."

तळाला पानं, एकाची कड दुसऱ्यावर अर्धा इंच चढवून, नकाशांची जोडणी करतात तशी. त्यावर सारणाचा थर. पुन्हा पानं. पुन्हा सारण. वरून पानं आणि टोमॅटोचा रस, जो लाल होता आणि लालच राहिला. मंद आचेवर पाऊण तास. शेवटी पोलादी पट्टी आणि सुरी घेऊन नकाशेवाल्यांनी आठ बाय पाच अशी आखणी केली आणि चाळीस तुकडे कापले. सगळे आयत. एकाही नदीवर घडी नाही.

---

*सहभोजनाचं इतिवृत्त (सेक्रेटरींच्या वहीतून)*

*बारा पस्तीस. तिसऱ्या मजल्याने ट्रे आणला. नकाशेवाल्यांनी झाकण काढलं. उपस्थितांनी आवाज केला. आवाज नोंदवण्याजोगा नाही, पण मोठा होता.*

*बारा अडतीस. सेक्रेटरींनी हरकत घेतली: यादीत 'रोल' आहे. सादर केलेली वस्तू सपाट आहे. सपाट वस्तूला रोल म्हणता येत नाही. सबब नियम लागू.*

*बारा चाळीस. नकाशेवाल्यांनी उत्तर दिलं: पृथ्वी गोल असूनही तिचा नकाशा सपाट असतो आणि तरी त्याला पृथ्वीचाच नकाशा म्हणतात. टाळ्या. टेलरमास्तर दोनदा 'बरोबर' म्हणाले.*

*बारा त्रेचाळीस. सेक्रेटरींनी ठराव मांडला: तिसऱ्या मजल्याला पुढील वर्षापासून कायमच्या ताटल्या. सूचक: सेक्रेटरी. अनुमोदक: कोणी नाही. अनुमोदन देऊ शकतील असे सर्व सभासद दुसऱ्यांदा वाढून घेण्याच्या रांगेत उभे होते. रांग सोडून अनुमोदन देणार का, असं विचारता नकार मिळाला.*

*बारा एकावन्न. पडताळणीसाठी सेक्रेटरींनी एक तुकडा खाल्ला.*

*बारा चौपन्न. पडताळणी अपुरी वाटल्याने आणखी एक.*

*ठराव मागे.*

---

इतिवृत्तात न आलेली गोष्ट अशी की बायको त्या दिवशी गच्चीवर पहिल्यांदाच खुर्चीत बसून जेवली. वाफ येत असलेला पहिला तुकडा नर्सबाईंनी तिच्या ताटलीत ठेवला. ताटल्या शेवटी कोणीतरी आणल्या होत्या. डाव्या हाताने चमचा धरून ती सावकाश खात होती, मधेच थांबून गच्चीवरून दिसणाऱ्या छपरांकडे बघत होती, आणि कोणी 'वहिनी, अजून आहे का हो?' म्हणत आलं की नुसतं नकाशेवाल्यांकडे बोट दाखवत होती. नकाशेवाले झारा घेऊन उभे होते. वाढता वाढता त्यांचा स्वतःचा तुकडा ताटलीत थंड होऊन गेला होता, आणि तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते लोकांना उपनद्यांविषयी सांगत होते.

ट्रेमध्ये शेवटचा एक तुकडा राहिला, तेव्हा सेक्रेटरी वही घेऊन बायकोच्या खुर्चीपाशी आले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडा रस होता, पण कोणी सांगितलं नाही.

"वहिनी, पुढल्या वर्षीची यादी आत्ताच करून टाकतो. तोवर तुमचा हात बरा झालेला असेल, तेव्हा रोल तुमच्याकडे..."

"आमच्याकडेच," बायको म्हणाली. "पण हात बरा नाही व्हायचा."

"अहो, डॉक्टर सहा आठवडे म्हणाले ना?"

"डॉक्टरांना काय कळतंय."

सेक्रेटरींनी मदतीसाठी नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाई आल्या. त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं एकेक करून दाबली, हात इकडून तिकडून वळवून पाहिला, मनगटावरच्या घड्याळात बघून अर्धा मिनिट मनात काहीतरी मोजलं.

"अवघड आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "एरवी ठीक राहील. पण सहभोजनाचा दिवस आला की दुखणार. अशा केसेस असतात."

"असं कसं होईल?" नकाशेवाले झारा हातात धरून पुढे आले. "अगं, परवाच तर म्हणालीस की आता अजिबात..." मग ते थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. नकाशेवाल्यांनी झारा ट्रेवर ठेवला आणि सेक्रेटरींकडे वळून, घसा साफ करून म्हणाले, "हो. अवघडच आहे."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं: *तिसरा मजला. रोल (सपाट). चाळीस. वहिनींचा हात: कायमचा.* खाली रेघ मारून त्यांनी सहीसाठी वही पुढे केली. बायकोने डाव्या हाताने, वेडीवाकडी, पण मोठी सही केली. आणि मग प्लास्टरच्या हाताने ट्रे स्वतःकडे ओढून शेवटचा तुकडा घेतला.